पालथी नाव

आमच्या गावाला इतिहास आहे, हे आम्हाला वारसा समितीने सांगितलं. तोवर आम्हाला वाटायचं, गाव नुसतं जुनं आहे.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त साहेब. आयुष्यभर खुर्चीत बसून झाल्यावर त्यांना सायकलीचं वेड लागलं. सायकल चालवताना ते असे कपडे घालत की बघणाऱ्यालाच दम लागावा. गावाने त्यांचं नाव घट्टसाहेब ठेवलं. नदीकाठाने एक पायवाट होती. मासे विकणाऱ्या बायका, शाळेची पोरं, गुरं, सगळी तिच्यावरून जायची. घट्टसाहेबांनी ती शोधून काढली. जी वाट आम्ही रोज तुडवत होतो, ती त्यांनी शोधली! मग तिच्यावर फरशा बसवल्या, कडेने दिवे लावले, 'जलकाठ वारसा मार्ग' असं नाव दिलं आणि गुरांना बंदी केली.

नंतर पाट्यांची साथ आली. विहिरीवर पाटी, पारावर पाटी, पडक्या भिंतीवर तर दोन पाट्या. आमच्या दारावर लागली: 'पारंपरिक नावाड्याचे घर. कृपया आत डोकावू नये.' त्या दिवसापासून जो तो डोकावायला लागला. एकदा काकू केस विंचरत बसली होती तर एक बाई खिडकीतून नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही खरी आहे का हो?"

"हात लावून बघा," काकू म्हणाली, "चावते."

काकाला मात्र हे सगळं गोड लागलं होतं. काका म्हणजे गावचा नावाडी. समितीने त्याला पट्ट्यापट्ट्यांची टोपी दिली होती आणि मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांशेजारी उभं करून फोटो काढायचं कबूल केलं होतं. काका टोपी घालून जेवायला बसायचा.

नाव वर्षातून एकदा पाण्याबाहेर निघते. काठावर ओढायची, पालथी घालायची, उन्हात कडकडीत वाळवायची, मग फटींत काथ्या ठोकून वरून डांबर फासायचं. ते दिवस आमच्या घरात कठीण जातात, कारण काकूची आई पलीकडच्या काठावर एकटी राहते आणि अंथरुणाला खिळलेली आहे. तिला भरवायला, औषध द्यायला, कुशीवर वळवायला माणूस लागतं. घर सोडून इकडे यायला म्हातारी तयार नाही. या वेळी तिला शेजारीण बघत होती. पण उद्घाटनाच्या सकाळी शेजारीण लेकीकडे निघणार होती. म्हणून नाव त्याच सकाळी पाण्यात जायची होती. डांबर सुकलं होतं. काकूने डबा भरला आणि आम्ही दोघं काठावर गेलो. काका आधीच बाहेर पडला होता, पण नावेकडे नव्हे, न्हाव्याकडे. फोटो होता ना.

काठावर जाऊन बघतो तर नाव सुलटी. तिच्यात काठोकाठ माती आणि मातीत लाल-पिवळी फुलं. बाजूला समितीचा माळी हातात ड्रिल घेऊन उभा, चेहऱ्यावर समाधान.

"भोकं कसली पाडलीस रे?" काकूचा आवाज चिरकला.

"तळाला पाडलीत. पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून."

नावेतलं पाणी बाहेर जावं म्हणून नावेलाच भोकं! नावाड्याच्या घराण्यात ही अक्कल कुणाला आली नव्हती. त्यासाठी समितीच नेमावी लागते.

घट्टसाहेब लगबगीने आले, सायकल नावेला टेकवून ठेवली. "काकू, रागावू नका हो. पालथी पडली होती. आम्हाला वाटलं, टाकून दिलीय."

"वाळत घातली होती."

"पण बघा ना, कसं रूप आलंय तिला!"

तेवढ्यात काका आला. दाढी गुळगुळीत, मानेवर पावडर, डोक्यावर टोपी. त्याने नाव पाहिली, खाली वाकून भोकं पाहिली. त्याचं तोंड उतरलं. मग त्याने फोटोवाल्याकडे पाहिलं आणि पुटपुटला, "दिसतेय मात्र छान."

काकूने त्याच्याकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

"मला पलीकडे जायचंय," ती साहेबांना म्हणाली.

"आजचा कार्यक्रम तेवढा आटपू द्या. संध्याकाळी गाडीची सोय करतो ना."

"बरं. मग आईला निरोप धाडा. म्हणावं, संध्याकाळपर्यंत भूक लावून घेऊ नकोस."

साहेब हसले. त्यांना वाटलं, विनोद केला.

पूल आहे, पण पार वरच्या अंगाला. चालत जायचं तर अर्धा दिवस मोडतो. आणि पुलाकडे जाणारी वाट म्हणजे हाच वारसा मार्ग. त्याच्या तोंडाशी लाल फीत बांधलेली, शेजारी बँडवाले. प्रमुख पाहुणे यायचे होते आणि अर्थातच उशीर करत होते.

काकूने डबा साहेबांच्या सायकलीला अडकवला. लग्नाआधी ती सायकलवरून पिशव्यांच्या कारखान्यात कामाला जायची. हे घरात कुणाच्या लक्षात नव्हतं, काकाच्या तर नाहीच. तिने कपडे सावरले आणि टांग मारली.

"अहो! अहो, ती माझी आहे!" साहेब ओरडले.

"दिसतेय मात्र छान!" काकूने वळूनही पाहिलं नाही. सरळ फितीत घुसली. फीत तटकन तुटली. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, फीत तुटली की वाजवा. त्यांनी इमानाने वाजवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. प्रमुख पाहुणे पोचले तेव्हा उद्घाटन उरकलं होतं. त्यांनी तरीही भाषण केलं.

दिवस कलताना काकू परतली. साहेब आमच्या दारात ताटकळत होते.

"काकू, सायकल."

"आधी नाव पाण्यात घाला, मग घेऊन जा."

"ही चोरी आहे! मी पोलिसांना बोलावीन!"

"बोलवा की. मीही त्यांना नावेची भोकं दाखवते."

साहेबांनी आधारासाठी काकाकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजवा. उद्या मासिकवाले फुलांचा फोटो घ्यायला येतायत. तुम्हालाही त्यात उभं करतो."

काका उंबऱ्यावर बसला होता. त्याने बायकोकडे मान वर करून विचारलं, "काय म्हणाली गं आई?"

"काही नाही. शेजारीण वाट बघून निघून गेली होती. मी पोचले तेव्हा अंथरूण ओलं होतं. तोंड भिंतीकडे करून पडली होती, लाजेने."

काकाने टोपी काढली आणि साहेबांच्या हातात दिली. परसातलं फावडं उचललं आणि काठाकडे चालू लागला. फुलं मातीसकट वारसा मार्गाच्या नव्या फरशांवर येऊन पडायला लागली. माळी आडवा आला, त्याला काकाने दुसरं फावडं दिलं.

भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, पुन्हा डांबर फासलं, पुन्हा वाळवलं. या वेळी काका नावेशेजारीच झोपला. नाव पाण्यात जाईपर्यंत काकू रोज सायकलवरून पुलापलीकडे आईकडे गेली आणि साहेब रोज चालत आले, नाव वाळली का बघायला.

मासिकात फुलांचा फोटो आलाच नाही. काकूचा आला. फीत तोडतानाचा, पानभर. खाली लिहिलं होतं: 'वारसा मार्गावर भटकंतीचा आनंद लुटताना स्थानिक महिला.'

काकूने तो नीट निरखून पाहिला. मग डबा उचलला आणि काकाला हाक मारली, "चला, सोडा नाव. आईच्या औषधाची वेळ झाली."