अर्धा पूल

जेवणाचा शेवटचा घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच वर्गातल्या चष्म्याचा फोन आला.

"चहाच्या वेळेपर्यंत पोचतो तुझ्याकडे. माझा अर्धा भाग घेऊनच येतोय. आजच जोडू, नाहीतर उद्या सकाळपर्यंत गोंद वाळायचा नाही."

"ये की," खारू म्हणाली. आवाज इतका सहज निघाला, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तिने फोन ठेवला. पुलाचा तिचा अर्धा भाग झालेलाच नव्हता.

शाळेचं शेवटचं वर्ष होतं. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी सरांनी वर्गात जोड्या पाडल्या होत्या आणि प्रत्येक जोडीला लाकडी पट्ट्यांचा पूल करायला सांगितलं होतं. उद्या बाहेरचे परीक्षक येणार, पुलाला मधोमध बादली टांगून तिच्यात वाळू ओतणार, आणि पूल जितका तग धरेल तितके गुण देणार. चष्म्याला पुढे तंत्रशाळेत जायचं होतं आणि तिथे या गुणांना फार भाव होता. म्हणून तो पहिल्या दिवसापासून कामाला भिडला होता. अर्धा त्याने करायचा, अर्धा खारूने, असं ठरलं होतं.

घरात तिला खारू म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी ठरतच नसे. "आणि आता बघा," आई म्हणायची, "गादीवरून उठवायला क्रेन मागवावी लागते." आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. रविवारीसुद्धा कामाची पाळी असली की सकाळीच बाहेर पडायची, तशी आजही पडली होती. त्यामुळे खारू दिवसभर काय करते हे बघायला घरात कोणी नसे.

काय करायची ती? सहामाहीत गणितात दांडी उडाली होती, तेव्हापासून अभ्यासाची कुठलीही वस्तू हातात घेतली की तिचे हात जड व्हायचे. पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर होता. तो दिसला की ती मोबाइल उचलायची. जेवण झाल्यावर बसू, म्हणायची. मग अंघोळ झाल्यावर. मग उद्या सकाळी ताजंतवानं होऊन. केला आणि वाकडातिकडा झाला तर? न केलेल्या पुलाला निदान कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. चष्म्या शाळेत विचारायचा तेव्हा ती म्हणायची, "झालाच आहे रे, हात फिरवायचा बाकी आहे." एकदा तर तिने तीन त्रिकोण चिकटवून त्यांचा असा फोटो काढून पाठवला होता, की मागे सगळा पूल उभा आहे असं वाटावं. चष्म्याने त्यावर शाबासकीचा अंगठा पाठवला होता.

आता काय थापा मारायच्या? आजारी पडावं? पण तो दारात येणारच. घराला कुलूप लावून निघून जावं? मग उद्या?

टेबलाजवळ उभी राहून ती त्या तीन त्रिकोणांकडे बघत राहिली आणि तिच्या मनात एक विचार शिरला. पूल पडला तर? दाखवायला खाली आणताना जिन्यात पाय घसरला, सगळा चुरा झाला. कोण म्हणणार होतं की तो पुरा नव्हता? चष्म्याला वाईट वाटेल, पण तो तिच्यावर चिडणार नाही. उलट सरांकडे तोच रदबदली करेल.

तिने त्रिकोण उचलले. गठ्ठ्यातल्या बऱ्याच सुट्या पट्ट्या मोडून त्यांचे तुकडे एका पिशवीत भरले, म्हणजे चुरा पुरेसा दिसला असता. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती उभी राहिली. खाली कुणाच्या तरी घरातला रेडिओ चालू होता. तिने हात कठड्याबाहेर काढले.

"अगं ए! सांभाळ, पडेल!"

चष्म्या जिन्याच्या वळणावर उभा होता. बस लवकर मिळाली होती. छातीशी भलंमोठं खोकं धरलेलं. ते खाली ठेवून तो दोन-दोन पायऱ्या चढत आला आणि त्याने तिच्या हातातून त्रिकोण अलगद काढून घेतले, झोपलेलं बाळ घ्यावं तसे.

मग त्याने ते नीट पाहिले.

"बाकीचा कुठाय?"

खारूने तुकड्यांची पिशवी पाठीमागे घेतली.

"बाकीचा कुठाय, विचारतोय मी."

"नाहीये."

चष्म्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी उद्या सरांना सांगतो," तो म्हणाला. "माझा अर्धा मी एकटा ठेवतो. काय मिळतील ते मिळतील." आणि तो खाली वळला.

"थांब. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

"तुझ्या वेळेवर आता माझा भरवसा नाही."

तिला तिथेच गप्प बसता आलं असतं. त्याला कळलं होतं त्याहून जास्त काही त्याला कधीच कळलं नसतं. पण तो पाठमोरा झाला, खोकं उचलायला वाकला, आणि तिच्याने राहवेना.

"मी तो मुद्दाम टाकणार होते," ती म्हणाली. "पडला म्हणून सांगणार होते तुला. बघ, पिशवीत तुकडेपण भरलेत."

चष्म्या वाकल्या जागीच पायरीवर बसला. खारू रडत होती, पण आत पळाली नाही.

"किती पट्ट्या मोडल्यास?" शेवटी त्याने विचारलं.

"राहिल्यात थोड्या. पुरतील बहुतेक."

"बहुतेक," तो कडवटपणे म्हणाला. मग खोकं उचलून वर आला. "मी कापणार नाही, चिकटवणार नाही. शेवटचा जोड तेवढा मिळून करू. बाकी तू करायचं. आणि पुलाकडे बघू नकोस, हातातल्या पट्टीकडे बघ."

पहिली पट्टी कापताना तिरकी गेली. दुसरी बरी आली. चष्म्या समोर बसून नुसता बघत होता, आणि ती मोबाइलकडे हात नेऊ लागली की घसा खाकरत होता. जरा वेळाने तिने मोबाइल स्वतःहून त्याच्याकडे सरकवला. आई कामावरून आली, दोघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता आपला चहा घेऊन आतल्या खोलीत गेली. अंधार पडता पडता दोन्ही अर्धे जोडले गेले. खारूचा भाग चष्म्याच्या भागाशेजारी सावत्र भावंडासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी बादलीत वाळू पडू लागली. निम्मी बादली भरली तोवर पूल हू की चू करत नव्हता. मग कट्कन आवाज झाला आणि खारूच्या बाजूचा एक त्रिकोण उखडला. गोंद आतून ओलाच होता.

"ही बाजू कोणी केली?" परीक्षकांनी विचारलं.

"मी," खारू म्हणाली. "अगदी शेवटच्या क्षणी केली. त्याची बाजू खूप आधीपासून तयार होती."

परीक्षकांनी चष्म्याची बाजू उचलून उजेडात धरली, वाकवून पाहिली आणि मान हलवत काहीतरी लिहून घेतलं. गुण जेमतेम पडले. वर्गात पहिली भलतीच जोडी आली. तंत्रशाळेत चष्म्याचं नाव पहिल्या यादीत लागलं नाही. दुसऱ्या यादीत लागेपर्यंत खारूच्या जिवात जीव नव्हता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी शाळेतून निघताना तो तिच्याशी बोलला नाही, आणि पुढचे कित्येक दिवसही नाही. खारूने त्याला मनवायचा प्रयत्न केला नाही. त्याच दिवशी घरी गेल्यावर तिने गणिताचं पुस्तक उघडलं. अख्खं पुस्तक तिच्याकडे डोळे वटारून बघत होतं. तिने पहिल्या गणिताखालचं सगळं हाताने झाकलं, आणि तेवढं एक सोडवलं. चुकलं. परत सोडवलं.