भूलयंत्राची काळी पिशवी

मित्रांनो, पिशवी म्हटलं की तुम्हाला भाजी आठवेल. मी मात्र जन्मात एक कांदाही उचललेला नाही. मी काळ्या रबराची जुनी पिशवी आहे. भूल देण्याच्या यंत्राला मी टांगलेली असायचे.

ऑपरेशनआधी स्नायू सैल करणारं औषध देतात. मग पेशंटला स्वतःचा श्वासही घेता येत नाही. तेवढा वेळ त्याचा श्वास म्हणजे मी. आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टरबाई मला हाताने दाबायच्या आणि मी हवा आत सोडायचे. मला त्या कुणाच्या हाती देत नसत. मी मुठीत मऊ लागले की हवा छातीत नीट जातेय आणि कडक लागले की कुठेतरी अडतेय, हे त्यांना कळायचं. "ही बोलते माझ्याशी," असं म्हणायच्या. मला फार बरं वाटायचं.

एकदा सात वर्षांची मुलगी टॉन्सिल काढायला आली. दारात तिची आई म्हणाली, "दमा वगैरे काही नाही हो तिला. धावली की छातीत शिट्टी वाजते, एवढंच." बाई "बरं" म्हणाल्या आणि कागदावर लिहायचं राहून गेलं.

त्या दिवशीचं औषध नवीन होतं. ते दिलं, मुलीचे हातपाय सैल पडले आणि मी मात्र बाईंच्या मुठीत कडक झाले.

का, ते मला पुढे कळलं. श्वासनळ्यांच्या भिंतीतही स्नायू असतात. त्यांना आवळायला लावणाऱ्या नसेच्या टोकावर एक ग्राही, म्हणजे निरोप टिपणारा इवलासा पहारेकरी, असतो. तो नसेला 'आता पुरे' असं सांगतो. हातापायांसाठी दिलेलं औषध नेमकं त्याच्यावर जाऊन बसलं आणि त्याचं तोंड बंद झालं. नस थांबेना, नळ्या आवळत गेल्या.

मी जीव तोडून सांगत होते. बाई म्हणाल्या, "रबर ताठलंय हिचं. सिस्टर, दुसरी लावा."

मला काढलं, दुसरी लावली. तीही कडकच. तेव्हा बाईंना शिट्टी आठवली. नळ्या उघडायचं औषध दिलं, छाती दाबली, पण फार उशीर झाला होता. बाहेर आई विचारत होती, "शुद्धीवर आली का?"

मुलगी गेली.

आता मी बाईंच्या खणात असते. शिकायला आलेल्या नव्या डॉक्टरांना त्या मला दाखवतात. "आईने सांगितलं होतं, हिनेही सांगितलं. मी पिशवी बदलत बसले." एवढं सांगून मला परत खणात ठेवतात.

मित्रांनो, जुनी वस्तू अडली तर ती फेकण्याआधी का अडली ते बघा. साध्या माणसाने सहज सांगितलेलं लिहून ठेवा.

मी आता चिरले आहे, हवा धरत नाही. बाई एकट्या असल्या की मला मुठीत दाबून बघतात. मी अगदी मऊ लागते.