सव्वाअकरा इंच

मी एक लाकडी पेटी बोलतेय. वीतभर लांब, चार बोटं रुंद, वर एका स्क्रूवर हलणारं झाकण. झाकणाला खडू लावून ते माझ्या कडेवर घासलं की रानटर्कीच्या मादीचा आवाज निघतो. तो ऐकून नर पिसारा फुलवून, छाती काढून धावत येतो आणि बंदुकीचे छर्रे खातो. केसाने गळा कापणं हाच माझा धंदा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला ज्याचं वाईट वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या ओझार्क डोंगरात बेचाळीस वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. ऑलेटा लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर रजया ठेवायची तांबड्या सीडर लाकडाची मोठी पेटी आली होती. ती ट्रकमधून उतरवताना तिच्या नवऱ्याच्या, व्हर्लिनच्या हातून निसटली आणि झाकण दुभंगलं. त्या फळीतून त्याने मला कोरलं. कोरलं त्याने, पण आवाज दिला तिने. तो कड तासायचा, वाजवून दाखवायचा आणि ती पीठ मळता मळता म्हणायची, "अजून तास. ही टर्की नाही, कुरकुरणारं दार आहे." असं तीन दिवस चाललं.

त्या वसंतात दोघं बरोबर रानात गेली. तिने मला वाजवलं, त्याने बार काढला. पडला तो जेक. वर्षाच्या कोवळ्या नराला इथे जेक म्हणतात. छातीवर लोंबणारी केसांची दाढी जेमतेम बोटभर, पण मांस लोण्यासारखं. तिने ते ताकात भिजवलं, पिठात घोळवून लोखंडी तव्यात तळलं, आणि दोघांनी ओसरीच्या पायरीवर बसून हातानेच खाल्लं. त्या दोघांना इतकं सुखात मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

पुढे दिवस बदलले. माणसाचं पोट भरलं की त्याला लांबी-रुंदीची भूक लागते. पेंडीच्या दुकानात सकाळी कॉफी प्यायला जमणारे बाप्ये टर्कीच्या चवीबद्दल बोलेनासे झाले, दाढीबद्दल बोलायला लागले. दाढी किती इंच, पायामागचा काटा किती, वजन किती. ऑलेटाचा भाऊ हर्शेल याने एक म्हातारा नर मारला, त्याची दाढी साडेदहा इंच भरली. पिसाऱ्यासकट ती त्याने आपल्या गॅरेजच्या भिंतीवर लावली. तिथे कुणी टायर बदलायला आला तरी आधी त्याला ती दाढी बघावी लागे. आणि व्हर्लिन गेला की हर्शेल हमखास विचारायचा, "काय दाजी, यंदा काही, की पुन्हा रानात डुलकी?"

तेव्हापासून व्हर्लिनने जेक मारणं सोडलं. कमीपणाचं वाटायचं त्याला. नऊ वसंत मी त्याच्या खिशात बसून गेले आणि नऊपैकी सात वेळा रिकामी परत आले. कोवळे नर येत, नाचत, निघून जात. तो मनाशी म्हणे, हा नव्हे. घरी ऑलेटा दुकानातली कोंबडी तळायची आणि म्हणायची, "या, शिकारी आले."

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तिची औषधं थांबवली. पोटाचा आजार होता आणि आता उपाय नव्हता. गंमत अशी की औषधं थांबताच तिच्या जिभेला चव आली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी व्हर्लिनला बाजूला घेऊन सांगितलं, की हे थोडेच दिवस टिकेल, जे खावंसं वाटतंय ते आत्ता द्या. मी त्याच्या जाकिटात होते, जाकीट तिच्या खाटेजवळच्या खुर्चीवर होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

ऑलेटाने फार काही मागितलं नाही. "या वेळी एक जेक आण. त्या पहिल्यासारखा तळून दे," ती म्हणाली. "माझ्याने उभं राहवणार नाही, पण मी इथून सांगेन तसं तू कर."

तो हो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे मी शपथेवर सांगेन. पण शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी कड्यावरून तो म्हातारा नर ओरडला. चार वर्षं सगळ्या खोऱ्याला झुलवणारा तोच. दाढी चालताना जमिनीला टेकते म्हणत. व्हर्लिन ओसरीत ताठ उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत कड्याकडे बघत राहिला.

इथला नियम असा, की पहिल्या आठवड्यात माणशी एकच पक्षी मारायचा, पुढच्या दोन आठवड्यांत दुसरा. म्हणजे जेक मारला की त्या आठवड्यात म्हातारा हातचा गेला, दुसऱ्या कुणाच्या छर्ऱ्याला बळी पडला तरी बघत बसायचं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उजाडताना त्याने ओकच्या बुंध्याला पाठ टेकून मला वाजवलं. तीन जेक आले. तीस पावलांवर एकमेकांना ढुशा देत उभे राहिले. त्याने बंदूक खांद्याला लावली. मी त्याच्या मांडीवर होते. मनात म्हटलं, मार. अरे, मार की. तेवढ्यात वरून कड्यावर म्हातारा ओरडला. व्हर्लिनने बोट चापावरून काढून घेतलं. जेक खाणंपिणं आटोपून पाव तासाने गेले.

घरी आल्यावर त्याने तिला खरं सांगितलं. तेवढा प्रामाणिक होता.

"तीन आले होते?" तिने विचारलं.

"आले होते. पण एक मारला की माझा हा आठवडा संपला. आणि हर्शेल पलीकडच्या ओढ्याला बसतोय. पुढच्या सोमवारपासून तुझ्यासाठी हवा तो मारतो ना."

"मला दाढी शिजवून खायची नाहीये, व्हर्लिन."

तो हसला. तीही हसली, पण मग भिंतीकडे वळून झोपली. हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागणं म्हणतात ते हेच. घरात आधी काय संपणार आहे ते त्याला कळत नव्हतं असं नाही. पण सोमवार कुठे पळून जातोय, असं माणसाला नेहमीच वाटतं.

गुरुवारी दोन वर्षांचा एक नर आला, तोही त्याने सोडला. शनिवारी त्याने ओसरीत बसून मला इतकं घासलं की आतून ऑलेटाचा आवाज आला, "इकडे आण ती." तिने मला हातात घेतलं. बोटं काडीसारखी झाली होती. झाकण एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं, आणि माझ्यातून असा आवाज निघाला की व्हर्लिनच मागे वळून बघायला लागला.

"दोनदा बोल आणि गप्प बस," ती म्हणाली. "तासभर गप्प. मादी इतकी गळ्यात पडत नसते. त्याला शोधत येऊ दे. एकदाचा मार त्याला आणि मोकळा हो."

त्याच रात्रीपासून तिचा घास उतरेना. रविवारी ती फक्त ओल्या कापसाने ओठ पुसून घेत होती. सोमवार-मंगळवार वादळ होतं, रानात पाखरू हललं नाही. बुधवारी व्हर्लिन गेला, मला दोनदा वाजवलं आणि गप्प बसला. तासाभराने म्हातारा आवाज न करता पाठीमागून आला, मान उंच करून ती मादी शोधायला लागला. एकाच बारात पडला.

तो पक्षी खांद्यावर टाकून अंगणात आला आणि आधी घरात गेला नाही. आधी त्याने हर्शेलला फोन केला. हे मी विसरू शकत नाही. हर्शेल टेप घेऊन आला, दोघं गुडघ्यांवर बसले, केस ताणून ताणून मोजलं. सव्वाअकरा. हर्शेलने टोपी काढून पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जिंकलास लेका." बहिणीला हाक मारू का असंही त्याने विचारलं, पण व्हर्लिन म्हणाला ती झोपलीय. ती झोपलेली नव्हती. खिडकी उघडी होती.

मग त्याने छातीचं मांस काढलं, ताकात भिजवलं, पिठात घोळवून तळलं. वरातीमागून घोडं. म्हाताऱ्या नराचं मांस ते, जोड्याच्या तळव्यासारखं. त्याने एक तुकडा अगदी बारीक केला आणि तिच्या तोंडात घातला. तिने तो बराच वेळ तोंडात धरला. गिळता येईना तेव्हा हळूच रुमालात काढला, रुमाल मुठीत दाबला आणि म्हणाली, "मीठ बरोबर झालंय."

शनिवारी ती गेली.

आता तो पिसारा आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे, मधोमध ती दाढी, खाली पितळी पट्टीवर आकडा. त्याखालच्या फळीवर मी आहे. झाकणाला रबर गुंडाळलंय, खडू केव्हाच उडून गेला, सांध्यात धूळ बसलीय. लोक येतात, बघतात, वा म्हणतात. व्हर्लिन त्यांना कडा, ओक आणि तासभराची शांतता सगळं रंगवून सांगतो. दोनदा बोलून गप्प बसायची युक्ती कुणाची ते सांगत नाही. यंदा वसंत आला तेव्हा त्याने परवानाही काढला नाही. मी बोलावलं नसतं तर तो नर आलाच नसता, हे मी रोज स्वतःला ऐकवते.

परवा हर्शेल आला. भिंतीसमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग दाढीकडे न बघता म्हणाला, "दाजी, एक विचारायचं राहूनच गेलं. तिने खाल्लं होतं ना रे त्यातलं थोडं?"

व्हर्लिनने कॉफीचा कप खाली ठेवला. "थोडं कसलं," तो म्हणाला. "दोनदा मागून घेतलं."

हर्शेलने टोपीने डोळे पुसले. बरं झालं म्हणाला, जिवाला घोर लागला होता म्हणाला.

मी जन्मभर खोटं बोलले, पण ते रानातल्या पाखरांशी. या घरात माझ्यासमोर एवढं मोठं खोटं कुणी बोललं नव्हतं. म्हणून आज पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या आवाजात सांगते, आणि तुम्ही ते लक्षात ठेवा एवढंच मागणं आहे. तिने खाल्लं नाही. ते माहीत असलेला माणूस आता एकच उरलाय, आणि तो दोनदा मागून घेतलं म्हणतो.