अर्ध्या डोक्याची चाचणी

थोरली कंडिशनरच्या कारखान्यात तपासणीला, धाकटीचं दोन खुर्च्यांचं पार्लर. आई लवकर गेली. तेव्हापासून धाकटीची वेणी थोरलीनंच घातली. त्या डोक्यावरचा भांग कुठे वाकडा होतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

कारखान्यात एक मेणचट पांढरा पदार्थ गरम पाण्यात विरघळवत. पिंजारलेल्या केसाला तो चिकटून बसे, आणि मग कंगवा असा सरके, की या केसांनी गुंता कधी पाहिलाच नाही. मापात घातला आणि दोन मिनिटांनी धुऊन टाकला, तर बिनधोक. टाळूवर तसाच राहिला, तर कुणाकुणाची आग व्हायची.

मालकांना नवी बाटली हवी होती. माल तोच, फक्त 'धुऊन टाका'च्या जागी 'लावून ठेवा'.

"तुमची सही झाली की छपाईला देतो, बाई."

"आधी माप कमी करा."

"मग कंगवा अडतो, असं तुम्हीच लिहिलंय की! चाचणी करा, पंधरा दिवस. एक डोकं बास झालं. आणि हो, तपासणी-प्रमुखाची खुर्ची रिकामीच आहे म्हटलं."

एका डोक्याची चाचणी ही चाचणी नव्हे, हे थोरलीला कळत होतं. तरी ती धाकटीकडे गेली.

"घे माझं डोकं," धाकटी हसली. "नाहीतरी आत काही नाही म्हणतेस!"

रोज सकाळी थोरली मधोमध भांग पाडून दोन्हीकडे कंडिशनर लावायची. डावी बाजू धुवायची, उजवी तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन टाळू पाहायची.

"खाजतंय का गं?"

"तुझ्या प्रश्नांनी खाजतंय."

पंधराव्या दिवशी दोन्ही बाजू सारख्याच नितळ. कंगवाही दोन्हीकडे सारखाच हलका. उजवीकडे न धुतलेल्या थरानं तो थोडा जड लागायला हवा होता. बोटं क्षणभर थबकली. मग थोरलीनं सही केली.

दीड महिन्यानं धाकटी भर दुपारी पार्लर बंद करून थोरलीकडे आली. सकाळपासून तीन बायका लालभडक टाळू घेऊन तिच्या खुर्चीत बसून गेल्या होत्या. तिघींकडे तीच नवी बाटली.

"ताई, मी धुवत होते गं."

"काय?"

"उजवी बाजू. चौथ्या दिवसापासून. नुसती आग आग व्हायची. तू गेलीस की नळाखाली डोकं धरायचे. म्हटलं, माझीच टाळू नाजूक. त्यापायी तुझी बढती कशाला घालवू?"

थोरलीनं लगेच पेन उचललं. "चाचणीचा कागद मागे घेते मी."

"घे ना. पण कारण काय लिहिशील?"

"खरं ते."

"म्हणजे माझं नाव? अगं, माझ्या हाताखाली मग कोण डोकं देईल?"

"नाही लिहिलं तर मालक म्हणतील, चाचणी चोख होती, बायकांच्याच टाळू वाईट."

 धाकटी दाराची कडी उघडून निघून गेली.

थोरलीनं लिहिलं. बहिणीचं लिहिलं, आणि खाली स्वतःचंही: 'कंगव्यातला फरक हाताला कळला होता. मी दुर्लक्ष केलं.' बाटल्या परत आल्या. मालकांनी दुकानादुकानांत सांगितलं ते मात्र फक्त वरच्या ओळीतलं: पार्लरवालीनं फसवलं. खालची ओळ कुणाला ऐकवलीच नाही. थोरलीची नोकरी टिकली. कागद मागे घेणारी बाई हाताशी असली, की मालकांची अब्रू झाकली जाते.

महिन्याभरानं थोरली पार्लरात गेली. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. धाकटीनं मानेनंच बस म्हटलं, तिचं डोकं बेसिनवर मागे वाकवलं आणि पाणी सोडलं. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. कंडिशनर लावलंच नव्हतं, तरी ती धुवत राहिली. पाणी कोमट होतं, मग गार झालं. आईवेगळ्या पोरीची वेणी घालणारी बोटं मांडीवर गपगार पडून होती.

अखेर नळ बंद झाला.

"दोन्ही बाजू धुतल्यात," धाकटी म्हणाली. "लिहून घे."