विझवू नका, मी टंगस्टनची तार

मी टंगस्टनची तार बोलतेय. बोलतेय कसली, जीव मुठीत धरून बसलेय! तैवानमधल्या शिनचू शहरातल्या एका प्रयोगशाळेत, हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत माझं बिऱ्हाड आहे.

कारखान्यात मला ओढून केसाएवढी बारीक केली, वाकवली आणि दोन खांबांवर टाचली. तेव्हापासून एकच काम, तापायचं आणि इलेक्ट्रॉन सोडायचे. तेही हळू. वेगाने सोडले तर समोरचा पातळ थर पार बिघडतो. हळू सोडले की रेणूंची नेमकी एखादी गाठ सुटते, शेजारी शेजाऱ्याला धरतो आणि थराची अखंड चादर होते.

आज समोर पेइ-यून या विद्यार्थिनीची चादर आहे. अर्धी झालीय, उरलेली कच्ची. कच्ची धुतली की वाहून जाईल. पोरीचा हा शेवटचा नमुना, आणि उद्या परीक्षक येणार.

मी आता म्हातारी झाले. तापलेली आहे तोवर ठीक. गार झाले की ठिसूळ होते, आणि पुन्हा पेटवताना तुटायची भीती. तुटले तर पेटी उघडावी लागेल, हवा आत शिरेल आणि सगळंच मुसळ केरात.

आमच्याकडे यंत्रावर खाऊचं पाकीट ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पण हिरवंच हवं. पिवळं म्हणजे यंत्र अडणार.

दुपारी पेइ-यून किंचाळली, "दादा, हे पिवळं कुणी ठेवलं?"

तिच्या पुढच्या वर्गातला चुंग-हान ओशाळला. "भूक लागली होती गं. हिरवं मी खाल्लं. दुकानात पिवळंच मिळालं."

"यंत्रापुढचं खाल्लंस? पोट आहे की विहीर?"

"अगं, चालू आहे ना सगळं!"

"पिवळ्यावर चालू आहे! कधीही दगा देईल. मी बंद करते. तू पळ, हिरवं आण. आणि तारीख बघून आण, शिळं नको!"

नको गं बाई! मी ओरडले. पण पोकळीत आवाज कुठला? तिने बटण बंद केलं. मी लाल झाले, मग काळी पडले. फार घाबरलेय हो मी.

आता चुंग-हान धापा टाकत आलाय. हिरवं पाकीट यंत्रावर ठेवून पेइ-यूनने हात जोडलेत. "माझी राणी ती, शहाण्यासारखी वाग हं."

बटण तुझ्या बोटांत आहे, पोरी. एकदम फिरवू नकोस, हळू, माझे आई. पेटले तर तुझी चादर पुरी करीन. नाहीच पेटले, तर त्या खादाडाला बोल लावू नकोस. त्याने पाकीट खाल्लं, तरी मी चालूच होते गं.