शेवटचे पान नसलेली पुस्तके

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तकपेटी आहे. परंड्याजवळच्या एका गावातील शाळेत, स्वयंपाकखोलीच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो. गोरोबा सुतारांनी मोडक्या बाकांच्या फळ्यांतून मला घडवले. "झाकण हलकं ठेवलंय बाई," ते म्हणाले होते, "पयलीच्या लेकरालाबी एका हातानं उघडंल." माझ्याविषयी याहून शहाणे वाक्य पुढे कोणत्याही विद्वानाने उच्चारले नाही.

शाळेतल्या शिक्षिका शिवकांताबाईंची रीत साधी होती. दुपारची खिचडी खायची, ताट धुवायचे, हात पुसायचे आणि एक पान वाचायचे. एकच. त्या स्वतःही मुलांत बसून वाचत. तिसरीतली फरहाना ओळीखाली बोट धरून इतके हळू वाचे की, इतरांची दप्तरे भरून झाली तरी तिच्या गोष्टीतला कोल्हा विहिरीतच असे. "बाई, ह्याला वर काढल्याबिगर मी उठणार न्हाय," ती म्हणे.

मग नवे मुख्याध्यापक महारुद्र सर आले. माणूस भला, परंतु प्रेरणेवरची व्याख्याने मोबाइलवर ऐकून भला माणूसही काय करील, याचा भरवसा नसतो. "बाई, नुसतं वाचून काय उपयोग? दिसलं पाहिजे," असे म्हणून त्यांनी माझ्यावरच्या भिंतीला तक्ता ठोकला. पुस्तक संपले की नावापुढे सोनेरी चांदणी. वाचल्याची खात्री म्हणून सर एकच प्रश्न विचारत, "शेवटी काय झालं?"

पुस्तके सकाळी जात, दुपारी परत येत. वाचनाचा शोध लागल्यापासून मानवजातीने एवढा वेग गाठला नसावा. शाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या झाकणावर शाबासकीची थाप मारली आणि मी फुगले, हे लाजेने कबूल करते.

दसऱ्याच्या आधी बाईंनी पुस्तके उन्हात घातली. एकेक उघडताना त्यांचा हात थांबला. एकूणएक एक्केचाळीस पुस्तकांचे शेवटचे पान नव्हते. मला उंदरांचा संशय आला. उंदरांची मी क्षमा मागते. ती पाने फरहानाच्या दप्तरात निघाली, रिबिनीने नीट बांधलेली.

"अगं, कशापायी फाडलीस?" बाईंनी विचारले.

"सर शेवटचंच इचारतात, बाई. अबुजरला, श्रियाला, समद्यांना मीच पान देते. पाठ केलं की झालं."

"अन् मधली पानं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "त्याची कुठं चांदणी मिळती, बाई?"

मी लाकडाची आहे. तरी माझी फळी न् फळी थिजली. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी सोसले असते. ही तर कोल्ह्यासाठी अडून बसणारी मुलगी. तिच्या हातून गोष्ट आम्हीच काढून घेतली होती आणि बदल्यात चिकटणारा कागद दिला होता.

"मला वाटलं, गोडी लागंल," सर म्हणाले.

"गोडी होतीच, सर."

सरांनी तक्ता स्वतःच उतरवला. पण मग माझ्याकडे कोणी फिरकेना. "आता वाचलं तर काय मिळंल?" मुले विचारत. ताट धुऊन, हात पुसून बाई एक पान वाचत. अकरा दिवस, एकट्याच.

बाराव्या दिवशी फरहाना ओल्या हातांनी आली. एक पान वाचून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पंधरवड्याने ती फाटक्या कडेपाशी पोचली आणि तिचे बोट अधांतरी राहिले.

"बाई, पुढं काय झालं?"

बाईंनी पानांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "यातलं हुडक."

पानांवर पुस्तकांची नावे नव्हती. कोणते पान कोणत्या गोष्टीचे, हे ती गोष्ट वाचल्यावाचून कळणार नव्हते. फरहानाने आपले पान शोधले, दोनदा वाचले, खळीने चिकटवले. मग उरलेल्या चाळीस पानांकडे पाहत राहिली आणि कोणी न सांगता तिने दुसरे पुस्तक उघडले.

मित्रांनो, सवय लावायची तर रोज थोडे करा, ठरल्या कामामागोमाग करा. आणि मनाची गोडी जपा, ती फार लवकर विकली जाते. मोठ्यांना मात्र माझा एक निरोप द्या. मूल वाचत बसलेले दिसले, तर कृपा करून टाळ्या वाजवू नका. पाऊल न वाजवता पुढे निघून जा.