तोंड मिटून घ्यायची हवा

केरळात कण्णूरच्या किनाऱ्यावरच्या त्या केंद्रात हवेचा नमुना घ्यायची रीत सोपी होती. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला सामोरं उभं राहायचं, श्वास रोखायचा, आतली हवा काढून घेतलेल्या काचेच्या कुपीची तोटी उघडायची आणि ती पुन्हा बंद करेपर्यंत तोंड मिटून ठेवायचं. माणसाच्या श्वासातला कर्बवायू आणि बाष्प आत गेलं की कुपी बाद. पण केंद्राचे प्रमुख होते डॉ. भास्कर पणिक्कर, आणि तोंड मिटणं तेवढं त्यांच्या शिक्षणात राहून गेलं होतं.

इंदुलेखा त्यांची विद्यार्थिनी; सगळ्यांसारखी तीही त्यांना 'सार' म्हणायची, म्हणजे सर. अख्खा पावसाळा भिजत तिनं कुप्या भरल्या होत्या. आता शेवटची उरली होती आणि वारा फिरायच्या बेतात होता. ही हुकली की हंगाम अपुरा, आणि प्रबंध पुढच्या पावसाळ्यावर.

नेमका त्याच दिवशी वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन आला.

"दे ती इकडे, मोळे," सार लेकीला म्हणावं तसं म्हणाले.

"सार, तेवढा श्वास..."

"अगं, तुझा जन्मही नव्हता तेव्हापासून हवा मोजतोय मी!"

सारांनी कुपी छातीशी धरली, तोटी उघडली, कॅमेऱ्याकडे वळले आणि मॉन्सूनचा इतिहास सांगायला लागले. कुपी सूं सूं करत भरत होती. सकाळी खाल्लेल्या पुट्टू-कडलासकट सगळं भाषण आत गेलं. इंदुलेखाला रडू कोसळायचंच बाकी होतं.

तपासणीचा आकडा आला. कर्बवायू नेहमीच्या दुप्पट! सारांची कळी खुलली.

"बघितलंस? कोळ्यांच्या डिझेलच्या बोटी! बंदच करायला लावतो एकेकाच्या. उद्या बातमी!"

"सार, बोटी आपल्या पाठीमागं, खाडीत असतात. वारा समोरून होता," इंदुलेखा म्हणाली. "कुपीच्या समोर फक्त तुम्ही होता."

कोपऱ्यात चहा पिणाऱ्या कारकून राघवेट्टनना जोराचा ठसका लागला. सार गप्प झाले. केंद्रात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"बरं, बाद कर ती कुपी," ते शेवटी म्हणाले. "कारण लिही, नमुना घेणाऱ्याचा अननुभव."

अननुभवी म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला सांगावं लागणार नव्हतं. इंदुलेखाचं डोकं सणकलं. वर्ष तर गेलंच होतं, आता वर नावही जाणार.

"नमुना घेणाऱ्याचं नाव घालावं लागतं, सार."

"मग घाल की!"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे वर्तमानपत्राचा तोच माणूस. सारांना आणखी काय हवं होतं! इंदुलेखानं त्या कारणापुढं ठळक अक्षरांत लिहिलं, डॉ. भास्कर पणिक्कर, खाली तिन्ही पदव्या, आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. आपल्या किनाऱ्याची हवा किती शुद्ध आहे हे फोनवर समजावून सांगता सांगता सारांनी झोकात सही ठोकली.

इंदुलेखानं कागद पाकिटात घातला आणि छत्री घेऊन पोस्टाची वाट धरली. आधी ती धावतच निघाली होती. मग तिच्या लक्षात आलं की घाईचं काही कारण नाही, आणि वाटेत थांबून तिनं पिकल्या केळ्याची गरम पळमपोरी खाल्ली. परत आली तेव्हा सार बोलतच होते.